बोलक्या हातांचा माहितीपट

या पानांवर कवितासंग्रह, कादंबरी किंवा नाटक यांचा परामर्श घेतला जातो, याची आमच्या वाचकांस सवय आहे. या वेळी आम्ही एका माहितीपटाकडे वळत आहोत. ‘वुई मेट इन व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे त्याचे नाव. मराठीत सांगायचे तर ‘आपली भेट आभासी जगात झाली’. जो हंटिंग या तरुण ब्रिटिश दिग्दर्शकाने तो निर्माण केला. जानेवारी २०२२ मध्ये तो अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविण्यात आला आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात एचबीओ वाहिनीवरून लोकांसमोर आला. त्यात प्रेमात पडलेली दोन जोडपी आहेत, नृत्याचा वर्ग आहे, उत्सव आहेत. तथापि आम्ही प्रामुख्याने त्यातील एकाच धाग्याचा विचार करणार आहोत. तो धागा म्हणजे कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेचा वर्ग. ज्या जगात सर्व व्यवहार आवाजावर चालतो, तेथे ज्याला ऐकू येत नाही त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न या धाग्यातून उभा राहतो. आमच्या मते हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे.

प्रथम या जगाची थोडी ओळख करून घेऊ. ‘व्हीआरचॅट’ हे संगणकाच्या साहाय्याने उभे केलेले एक आभासी जग आहे. डोळ्यांवर विशिष्ट चष्म्यासारखे यंत्र चढवावे, दोन्ही हातांत नियंत्रक धरावेत, की मनुष्य आपल्या खोलीत उभा राहूनही त्या जगात वावरू लागतो. तेथे प्रत्येकाला एक मानीव देह असतो. कुणी माणसाचा घेतो, कुणी प्राण्याचा, कुणी काल्पनिक जीवाचा. देशोदेशींची माणसे तेथे एकमेकांसमोर उभी राहून बोलतात. २०१७ साली हे जग मोठ्या प्रमाणावर खुले झाले आणि महासाथीच्या काळात घरात कोंडल्या गेलेल्या असंख्य तरुणांनी तेथे आसरा घेतला. हंटिंग यांनी आपला संपूर्ण माहितीपट त्या जगातच चित्रित केला आहे. त्यांचा कॅमेराही आभासी आहे. खऱ्या खोलीतील खरा चेहरा ते आपल्याला दाखवीत नाहीत. निवेदकाचा उपदेशपर आवाजही कुठे नाही. सुमारे दीड तास आपण त्या मानीव देहांच्या सोबत राहतो आणि हळूहळू त्यांची माणसे म्हणून ओळख पटू लागते. ही किमया साधी नव्हे.

या जगातच ‘हेल्पिंग हँड्स’ नावाची मंडळी अमेरिकन खुणांची भाषा शिकवितात. माहितीपटात त्यांच्या एका शिक्षिकेची आणि तिच्या कर्णबधिर सहकाऱ्याची आपल्याशी गाठ पडते. वर्गात रंगीबेरंगी, चित्रविचित्र देहांची मंडळी ओळीने उभी असतात आणि समोरचे हात पाहून आपले हात हलवितात. शिकणाऱ्यांत ज्यांना ऐकू येत नाही असे आहेत, तसेच ज्यांना उत्तम ऐकू येते असेही आहेत. या जगात ‘म्यूट’ म्हणून ओळखला जाणारा एक वर्ग आहे. हे लोक बोलू शकतात; पण लाजेमुळे, भीतीमुळे किंवा आपला आवाज कुणापुढे उघड होऊ नये म्हणून ते न बोलणे पसंत करतात. त्यांनाही हातांच्या भाषेचा आधार वाटतो. एकाला निसर्गाने दिलेले मौन आणि दुसऱ्याने स्वतःहून पत्करलेले मौन यांची अशी एका वर्गात भेट व्हावी, ही या माहितीपटातील आम्हांस सर्वांत हृद्य वाटलेली गोष्ट होय.

परंतु या वर्गाचे खरे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते, आणि माहितीपट आपल्याला तेथे नेत नाही. म्हणून ते काम समीक्षकाने करावे हे उचित.

२००३ साली अमेरिकेतील लिंडेन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग उघडले. त्या काळी तेथील सारे संभाषण कळफलकावर टंकून होत असे. दोन व्यक्ती समोरासमोर उभ्या राहत आणि त्यांचे बोलणे अक्षरांच्या रूपाने पडद्यावर उमटे. टॉम बोएलस्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने २००४ ते २००७ या काळात त्या जगात राहून संशोधन केले आणि २००८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासाचे जग प्रामुख्याने लिखित शब्दांचे होते. त्या जगात कर्णबधिर मनुष्य इतरांच्या बरोबरीने वावरत असे. त्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही हे कुणास कळण्याचे कारणच नव्हते. रस्त्यावर, दुकानात, नातेवाइकांच्या समारंभात ज्याला नेहमी दुसऱ्याच्या ओठांकडे पाहत तर्क करीत बसावे लागते, त्याला येथे तर्क करावा लागत नसे. जे सर्वांना दिसे, तेच त्यालाही दिसे.

२००७ साली या जगात ध्वनी आला. व्हिव्हॉक्स या कंपनीच्या तंत्राने बोलण्याची सोय झाली. जवळच्याचा आवाज मोठा, दूरच्याचा लहान, डावीकडच्याचा डावीकडून, असा तो हुबेहूब ऐकू येऊ लागला. बहुसंख्यांना ही प्रगती वाटली आणि तिच्यात खोटे काही नव्हते. ज्यांना दिसत नाही, ज्यांची बोटे कळफलकावर चालत नाहीत, त्यांना तर ध्वनीने नवे दारच उघडून दिले. मात्र याच दाराशी कर्णबधिर थबकला. बोलणाऱ्याच्या मानीव डोक्यावर हिरव्या लहरी उमटत. कोण बोलतो आहे एवढे त्या सांगत. काय बोलतो आहे ते मात्र सांगत नसत. त्या हिरव्या लहरींकडे पाहत उभ्या राहिलेल्या माणसाची कल्पना वाचकांनी करावी. कालपर्यंत जो मंडळीतला होता, तो आज भिंतीपलीकडचा झाला. त्याचे काही चुकले नव्हते, त्याच्यात काही बदलले नव्हते. बदलली होती फक्त इतरांची सवय.

कुणी म्हणेल, टंकनाची सोय काढून घेतली नव्हती ना? नव्हती. दोन्ही मार्ग खुलेच राहिले. पण येथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. एखाद्या गावात पायवाट बुजविली नाही, पण सारेजण नव्या पुलावरून जाऊ लागले, तर पायवाटेवर चालणाऱ्याला सोबत उरत नाही. भाषा ही सोबतीची वस्तू आहे. उत्तर देणारा कुणी नसेल तर लिहिण्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून ‘सोय ठेवली आहे’ या वाक्याने कर्तव्य संपत नाही. त्याच सेकंड लाइफमध्ये ‘व्हर्च्युअल ॲबिलिटी’ ही अपंगांची संस्था आपल्या सभांत बोललेले शब्द टंकून देण्याची आणि टंकलेले वाचून दाखविण्याची व्यवस्था करीत आली आहे. म्हणजे कर्णबधिर आणि अंध या दोघांनाही एकाच सभेत सामावून घेता येते, हे तेथे सिद्ध झालेले आहे. लागते ती थोडी मेहनत आणि तिच्यासाठी वेळ काढण्याची इच्छा.

कर्णबधिरांच्या इतिहासात ही कथा पूर्वीही घडून गेली आहे. अठराव्या शतकात पॅरिसमधील दे लेपे या धर्मगुरूंनी दोन बहिऱ्या बहिणींना शिकविता शिकविता खुणांचे महत्त्व ओळखले आणि बधिरांसाठी सर्वांना खुली शाळा चालविली. पुढे १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने मात्र बधिरांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार कराव्यात व केवळ मुखाने उच्चार शिकवावेत, असा ठराव केला. मत देणारे बहुतेक सारे ऐकू येणारे होते. अध्यक्षस्थानी होते जुलिओ तारा, आणि तेही धर्मगुरूच. एका धर्मगुरूने हातांना दिलेला मान दुसऱ्या धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली काढून घेण्यात आला, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो. कारण सद्भाव दोघांच्याही ठायी होता. मिलानच्या मंडळींनाही बधिर मुलांचे कल्याणच साधावयाचे होते. त्यांनी त्या मुलांना विचारले नाही, एवढेच. त्या ठरावाबद्दल बधिरशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हर येथे. म्हणजे तब्बल १३० वर्षांनी. या इतिहासाशी आपल्या मुंबईचेही नाते आहे. त्याच १८८० च्या दशकात मुंबईचे तत्कालीन महागुरू लिओ म्युरिन यांच्या प्रेरणेने मुंबईत बधिरांसाठी संस्था सुरू झाली, आणि भारतातील बधिरांची पहिली शाळा म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, असा समज आजही सुशिक्षितांत आढळतो. विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिले की, या भाषेला स्वतःची घडण आहे. हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल यांच्या मेळातून तिचे शब्द सिद्ध होतात. चेहऱ्यालाही तेथे व्याकरण आहे. अमेरिकन खुणांच्या भाषेत भुवया उंचावल्या की ‘हो की नाही’ असा प्रश्न होतो. आक्रसल्या की ‘काय, कुठे, का’ असा.

आता हे सारे आभासी देहात कसे उतरावयाचे? हातातील साध्या नियंत्रकाला मूठ, उघडा पंजा, एक बोट, दोन बोटे, वर केलेला अंगठा अशा मोजक्याच मुद्रा कळतात. मुठीतून अंगठा कुठे डोकावतो यावरून अमेरिकन वर्णमालेतील काही अक्षरे वेगळी ओळखावी लागतात. तो सूक्ष्म भेद येथे नाहीसा होतो. २०१९ साली आलेल्या ‘व्हॉल्व्ह इंडेक्स’ या यंत्राने बोटांची हालचाल वेगवेगळी टिपण्यास प्रारंभ केला खरा. पण त्याच्या पूर्ण संचाची किंमत त्या वेळी ९९९ डॉलर्स होती. शिवाय बऱ्याच मानीव चेहऱ्यांना भुवया असल्या तरी त्या मनाप्रमाणे हलत नाहीत. म्हणून या मंडळींनी खुणांतच बदल केले. जी मुद्रा यंत्राला कळत नाही तिच्याऐवजी कळेल अशी मुद्रा घेतली, आणि चेहऱ्याने सांगावयाचे ते मानेने व खांद्याने सांगितले. एखाद्या बोलीने परमुलखात गेल्यावर तेथील हवापाण्याप्रमाणे रूप घ्यावे, तसेच हे झाले. भाषा जिवंत असल्याची याहून दुसरी खूण कोणती?

या पार्श्वभूमीवर हंटिंग यांच्या माहितीपटाचे गुण अधिक उठून दिसतात. पहिला गुण म्हणजे करुणेचा अभाव, आणि हे आम्ही स्तुतीच्या अर्थाने म्हणतो. आपल्याकडील कथांत व चित्रपटांत कर्णबधिर पात्र बहुधा अश्रू काढण्यासाठी येते. येथे तो शिक्षक आहे, जाणता आहे, थट्टा करणारा आणि थट्टा सोसणारा आहे. दुसरा गुण असा की, खुणांच्या प्रसंगांत ऐकू येणारा प्रेक्षकच परका ठरतो. ज्याला ही भाषा येत नाही, त्याला अर्थासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. कर्णबधिर मनुष्य जो अनुभव रोज घेतो, त्याची चव आपल्याला काही क्षण मिळते; तीही कुठलेही भाषण न ऐकविता. तिसरा गुण कॅमेऱ्याचा संयम. हात बोलत असताना तो हात पाहतो. ही साधी गोष्ट वाटेल. परंतु व्यासपीठावरील दुभाष्या कोपऱ्यातील इवल्याशा चौकटीत कसा कोंडलेला असतो, हे दूरदर्शनच्या बातम्या पाहणाऱ्यांना ठाऊक आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. माहितीपट आपल्याला बहुतांशी मैत्रीच्या उबेत ठेवतो. आभासी जगातील शिवीगाळ, छळ, लहान मुलांना तेथे असलेले धोके यांकडे तो जवळजवळ पाहतच नाही. पालकांनी हे ध्यानात ठेवूनच तो पाहावा. आमच्या विषयापुरता त्याचा मोठा दोष असा की, वर्गात हात बोलतात ते तो प्रेमाने दाखवितो. मात्र वर्गाचे दार ओलांडून सर्वांच्या चौकात गेल्यावर कर्णबधिराचे काय होते, या प्रश्नाचा तो पाठपुरावा करीत नाही. ही यंत्रे कोणी घडविली, त्यांनी आवाजालाच प्रथम स्थान का दिले, हेही तो विचारीत नाही. डोळ्यांवर यंत्र चढविल्यावर कळफलक दिसत नाही, म्हणून बोलणे सोपे, हे कारण खरेच आहे. परंतु जे सोपे ते कुणासाठी सोपे, हा पुढचा प्रश्न माहितीपटाने आपल्या सौजन्यामुळे टाळला.

या टाळण्याची किंमत लगेच दिसून आली. ज्या जुलै २०२२ मध्ये हा माहितीपट एचबीओवर आला, त्याच महिन्यात व्हीआरचॅटच्या चालकांनी सुरक्षिततेच्या कारणास्तव बाहेरून केलेल्या सर्व फेरफारांना बंदी केली. त्या फेरफारांत खोडसाळ गोष्टी होत्या, तशाच काही अत्यंत उपयुक्तही होत्या. बोललेले शब्द अक्षरांत उमटविणारी साधने त्यांत होती आणि ऐकू न येणारी मंडळी त्यांवर विसंबून होती. मोठा असंतोष उसळला. त्यानंतर चालकांनी सुलभतेच्या सोयी आपणहून देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी डोक्यावर टंकलेला मजकूर दाखविणारी चौकट त्या जगात आली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या सोयीला पाया नाही, जी कुणा हौशी माणसाच्या कृपेवर उभी आहे, ती एका सकाळी नाहीशी होऊ शकते. दुर्बलाची गरज मूळ आराखड्यातच असावी लागते. नंतर डकविलेली सोय पहिल्या वाऱ्यात उडते.

हे कायद्यानेही ओळखले आहे. अमेरिकेत २०१० साली संमत झालेल्या कायद्याने संभाषणाची आधुनिक साधने अपंगांना वापरता येतील अशी असावीत, असे बंधन घातले. व्हिडिओ खेळांतील संभाषणाला मिळालेली सवलत ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपली. २०२१ साली एक्सबॉक्सवर गटातील बोलणे अक्षरांत दाखविण्याची सोय आली. यंत्राने उतरविलेल्या अक्षरांवर मात्र सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही. चार जण एकदम बोलू लागले की ती गोंधळतात, नावे चुकवितात, विनोद संपल्यावर पोहोचतात. आणि ज्या कर्णबधिराची पहिली भाषा खुणांची आहे, त्याला इंग्रजी अक्षरे ही परभाषाच वाटते. म्हणून अक्षरे हवीत आणि हातही हवेत. एकाचे कारण पुढे करून दुसरे नाकारणे योग्य नव्हे.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेने श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदविली. २०१५ साली दिल्ली येथे भारतीय खुणांच्या भाषेसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१६ च्या कायद्याने संभाषणाच्या साधनांत खुणांच्या भाषेचा समावेश केला. आपली भाषा अमेरिकेहून वेगळी आहे. तेथे अक्षरे एका हाताने दाखवितात. आपल्याकडे दोन्ही हातांनी. दोन्ही हात एकमेकांना टेकले किंवा एक दुसऱ्याच्या आड गेला की हात टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा घोटाळा होतो. तेव्हा परदेशात उपाय निघाला म्हणून तो आपल्या मुलांना जसाच्या तसा लागू पडेल, अशी आशा धरता येत नाही. आपल्या हातांसाठी आपल्यालाच बोलावे लागेल.

वाचकहो, आपल्या घरांतील मुले कानांवर हेडफोन चढवून कुणाशी तरी बोलत खेळतात, हे आपण रोज पाहतो. आखातात किंवा कॅनडात असलेल्या मुलांशी घरोघरी फोनवर गप्पा होतात, आणि ऐकू न येणारी आजी पडद्यासमोर नुसतीच हसत बसते. ‘काय म्हणाला?’ असे तिने विचारले की ‘काही नाही ग’ असे उत्तर मिळते. आभासी जगातील हिरव्या लहरी आणि हे ‘काही नाही ग’ यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे बोलणे चालू आहे एवढेच कळते. ते दोन शब्द लिहून तिच्यासमोर धरावयास कोणतेही महाग यंत्र लागत नाही.

हंटिंग यांचा माहितीपट परिपूर्ण नाही. तो आपल्या पात्रांवर इतके प्रेम करतो की, त्यांच्या अडचणी विचारण्यास संकोचतो. तरीही मोठ्या मुलांसह, पालकांनी शेजारी बसून तो अवश्य पाहावा, अशी आमची शिफारस आहे. तो संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा: तुमच्या खेळात ऐकू न येणारा मुलगा आला, तर तुमच्यापैकी कोण त्याच्यासाठी टंकणार? या प्रश्नाला घरात जे उत्तर मिळेल, त्यावरूनच माहितीपट आपल्यापर्यंत पोहोचला की नाही, हे ठरेल.